मालाच्या गाडीवर बसलेले मजूर दगावले, तर जबाबदारी कोणाची आणि दावा कोणावर?

सातपुडा_पायथा

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक रात्री उलटला आणि मालावर बसून घरी निघालेले मजूर त्याखाली दबून गेले. तेव्हा गावागावांत जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. केळी कापणीची टोळी असो, पपई तोडणीची असो, की कापूस वेचायला निघालेल्या बाया, कुठे ना कुठे पिकअप नाहीतर ट्रॉली उलटते आणि तिसऱ्या दिवशी पारावर दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "त्यास्ले कोनी सांगेल व्हतं वर बसाले?" दुसरा म्हणतो, गाडीवाला, मुकादम, व्यापारी, साऱ्यांना कोर्टात उभं करा.

मला भांडण नको, नेमकी माहिती हवी आहे. समजा, दहा जणांच्या टोळीने दिवसभर माल तोडला, तोच माल पिकअपमध्ये भरला आणि रात्री त्याच मालावर बसून टोळी परत निघाली. वळणावर गाडी उलटली, दोघे-तिघे गेले. वर बसले ही त्यांची चूक धरून भरपाई बुडते का? विमा कंपनी "ही मालाची गाडी आहे, माणसांची नाही" म्हणून हात झटकते, ते कायद्याला धरून आहे का? आणि ज्याने टोळी लावली त्या मुकादमावर किंवा व्यापाऱ्यावर काही येतं का? जाणकारांनी सविस्तर लिहावं. आमच्याकडच्या पाड्यांवर ही माहिती पोचवायची आहे.

मोटार_दावे

भाऊ, प्रश्न तीन असले तरी गाठ एकाच ठिकाणी आहे. ती माणसं त्या गाडीवर कोण म्हणून बसली होती, यावर सगळं फिरतं. कायद्याला तीन प्रकारची माणसं दिसतात.

पहिला, मालाचा मालक किंवा त्याने मालासोबत पाठवलेला प्रतिनिधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे हा माणूस सक्तीच्या विम्यात आपोआप धरलेला असतो. दुसरा, गाडीवर कामाला असलेला माणूस, म्हणजे चालक, क्लीनर, माल चढवणारा-उतरवणारा हमाल. चढ-उतार करणाऱ्यांसाठी पॉलिसीत वेगळा जादा हप्ता भरता येतो. तो नाममात्र असतो, तरी गाडीवाले भरत नाहीत, कारण एजंट विचारत नाही. तिसरा, फुकट प्रवासी. मालवाहू गाडीतला फुकट प्रवासी सक्तीच्या विम्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात २००२ च्या डिसेंबरात हे पक्कं केलं आणि आता कलमातच तसं लिहिलेलं आहे.

विमा कंपनीचा वकील म्हणूनच एकच गोष्ट सिद्ध करायला बघतो, की ही माणसं तिसऱ्या खान्यातली आहेत. त्याला त्यासाठी बहुतेक वेळा काही करावंही लागत नाही. फिर्यादीत पोलिसांनी लिहिलेलं असतं, "सदर इसम पिकअपमध्ये बसून गावी जात होते." झालं. त्या ओळीत ना मजुरी आहे, ना तोडणी, ना माल कोणी भरला ते. वर्षभराने साक्षीत "आम्ही गाडी भरायला होतो, पुढे मालही उतरवायचा होता" सांगितलं, तर ती नंतर सुचलेली गोष्ट म्हणून बाजूला पडते.

तेव्हा पाड्यावर पहिली गोष्ट ही पोचवा. पहिला जबाब देणाऱ्याने कोणाच्या शेतात तोडणी केली, माल कोणी घेतला, गाडीत माल कोणी भरला, पुढे कुठे उतरवायचा होता, गाडीवर बसायला कोणी सांगितलं आणि मजुरी कोण देणार होता, एवढं सांगावं. लिहून झालं की वाचून घ्यावं, मग सही किंवा अंगठा. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. यात खोटं काही जोडायचं नाही. जे खरं आहे तेच पूर्ण सांगायचं.

आता "वर बसले ही त्यांची चूक" याबद्दल. याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात आणि तो सिद्ध झाला तर भरपाईतून तेवढे टक्के कापले जातात. पण नियम मोडला म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध झाला, असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मोहम्मद सिद्दीक प्रकरणात मोटारसायकलवर तिघे बसले होते तेव्हा सांगितलं, की तिघे बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली, असा धागा दाखवल्याशिवाय कपात करता येणार नाही. मालावर बसलेल्यांबाबत कोर्टं वेगवेगळं धरतात. काही ठिकाणी कपात झालेली आहे. पण गाडी उलटली ती चालकाने वळण जोरात घेतल्याने, हे पंचनाम्यातून दिसत असेल तर कपातीचा मुद्दा लंगडा पडतो.

आणि कंपनी सुटली म्हणजे दावा बुडाला असंही नाही. गाडीमालक जबाबदार राहतोच. शिवाय कोर्ट कंपनीला "आधी तुम्ही भरा, मग मालकाकडून वसूल करा" असा आदेश देऊ शकतं. मनुआरा खातून (२०१७) आणि अनू भनवरा (२०१९) या प्रकरणांत फुकट प्रवाशांबाबतही असा आदेश झाला होता. वकिलाने हा मुद्दा दाव्यातच लिहून मागावा, युक्तिवादाच्या दिवशी आठवून उपयोग नाही.

दावा टाकायची मुदत अपघातापासून सहा महिने. कलम १६६(३) १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे, त्याआधी मुदत नव्हती. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कोणी थांबू नये. दावा अपघाताच्या ठिकाणी, वारस राहतात तिथे किंवा गाडीमालक राहतो तिथे, कुठेही चालतो. अपघात धुळ्याकडे झाला म्हणून रावेरच्या बाईने धुळ्याला खेटे घालायची गरज नाही, तिला जळगावला दावा टाकता येतो.

चेसिस

कायदा वरच्या दादांनी सांगितला. गाडी का उलटते हे मी सांगतो, कारण "वर बसले म्हणून मेले" आणि "वर बसवले म्हणून गाडी उलटली" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी कोणी बोलत नाही.

पिकअपच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साधारण १.४ मीटर. रिकाम्या गाडीचं वजन १७०० किलो धरा, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंमीवर. हौद्यात दीड टन माल भरला, त्याचा मध्य १.३ मीटरवर. दोन्ही मिळून गुरुत्वमध्य ९८ सेंमीवर येतो. आता मालावर दहा माणसं चढली, माणशी ५५ किलो म्हणजे साडेपाचशे किलो, आणि ती बसली सव्वादोन-अडीच मीटर उंचीवर. गुरुत्वमध्य जातो ११७ सेंमीवर. साडेपाचशे किलोंनी वजन वाढलं फक्त सहावा हिस्सा, पण उंची जवळजवळ एक वीत वाढली.

चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला या उंचीने भागलं, की गाडी आडवा जोर किती सोसेल ते कळतं. माणसांशिवाय ०.७१, माणसांसह ०.६०. कमानपाटे दबतात, टायर एका अंगाला कलतात, म्हणून खरा आकडा याहून पाचवा हिस्सा तरी कमी धरायचा. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर हिशेब केला तर जी गाडी ताशी ६० पर्यंत टिकली असती ती ५५ लाच चाक उचलते. फरक पाचच किलोमीटरचा दिसतो, पण चालक रोज त्याच वळणावर त्याच वेगाने जातो. त्याच्या हाताला रिकाम्या किंवा नुसत्या मालाच्या गाडीची सवय असते. शिवाय हा हिशेब स्थिर वजनाचा आहे. माणसं दोर धरून बसलेली असतात, वळणावर सगळी एकाच बाजूला झुकतात.

यात गाडीमालकांनी घातलेली भर वेगळी. जास्त माल बसावा म्हणून कमानीत जादा पाटे टाकतात, त्याने हौदा तीन-चार इंच वर जातो. फाळक्यावर लाकडी फळ्या उभ्या करून उंची वाढवतात. पपई सुटी भरलेली असेल तर वळणावर ती सरकते. क्रेटमध्ये असेल तर क्रेटचे थर एकमेकांत अडकलेले असतात, पण दोर सैल असला की अख्खा थर सरकतो. केळीचा पाला खाली अंथरलेला असेल तर तो ओला होऊन सरकायला आणखी सोपं.

आपल्याकडच्या रस्त्यांवर नेहमीचा प्रकार साइडपट्टीचा. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर शिरपूर ते रावेर कुठेही बघा, डांबर संपतं तिथे काळ्या मातीची पट्टी खचलेली असते, कुठे चार इंच, कुठे सहा. समोरून ट्रक आला, पिकअपचं डावं चाक खाली उतरलं. चालक घाबरून स्टेअरिंग उजवीकडे ओढतो. चाक डांबराच्या कडेला घासत राहतं, चढत नाही. तो आणखी ओढतो, मग चाक एकदम चढतं आणि गाडी तिरपी होऊन रस्ता ओलांडते. आता तो डावीकडे ओढतो. या दुसऱ्या ओढीला उंच भार असलेली गाडी पडते. चाक उतरलं तर करायचं ते असं: एक्सलेटर सोडायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं, ब्रेक हळू, वेग २०-२५ वर आला की थोडं वळवून वर घ्यायचं. तोवर चाक मातीत राहिलं तरी चालतं.

हे लिहायचं कारण असं, की वर बसलेल्या मजुराला यातलं काहीच हाती नसतं. पाटे त्याने वाढवले नाहीत, वेग त्याने ठरवला नाही, वळण त्याने घेतलं नाही. पंचनाम्यात मात्र रस्त्यावर घासल्याच्या खुणा कुठून कुठवर आहेत, चाक पट्टीवरून किती मीटर गेलं, जादा पाटे आहेत का, फळ्या किती उंच, टायर रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, आहेत का, हे लिहिलेलंच नसतं. दुसऱ्या दिवशी क्रेनने गाडी उचलून नेली की ते कायमचं गेलं. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढून ठेवा: चारी टायर, मागच्या कमानी बाजूने, नंबरप्लेटसह पूर्ण गाडी, आणि रस्त्याच्या कडेची उंची दिसेल असा एक, शेजारी चप्पल किंवा बाटली ठेवून.

आणखी एक, अगदी त्या घटकेचं. माणसं खाली असताना जेसीबीने गाडी ओढू नका. ओढली की फाळका त्यांच्या अंगावरून घासत जातो. गाडी हलणार नाही अशी दोन्हीकडून दगडांची, ओंडक्यांची टेकण लावा, माल हाताने वरून काढत या, आणि मग गाडी सरळ वर उचला, उचलाल तशी खाली टेकण भरत जा. मालाखाली दबलेला माणूस बहुतेक वेळा छातीवर भार राहिल्याने श्वास कोंडून जातो, म्हणून आधी तोंड आणि छाती मोकळी करायची, पाय नंतर.

बागायतदार_यावल

वरच्या दोघांनी उत्तम लिहिलं आहे, तरी दुसरी बाजू मांडतो. रागावू नका.

बागायतदार माल व्यापाऱ्याला देतो. कापणीची टोळी व्यापाऱ्याची, गाडी व्यापारी किंवा मुकादम ठरवतो, भाव क्विंटलवर. माझ्या बांधावरून गाडी निघाली की ती कोणत्या वळणावर कशी गेली यावर माझा काडीचा ताबा नाही. तरी अपघात झाला की नोटिशीत शेतमालकाचं नाव पहिलं असतं, कारण सातबारा सापडायला सोपा. पिकअपवालाही कोणी मोठा सावकार नसतो. एक गाडी, तीही फायनान्सवर. त्याच्यावर वीस लाखांचा हुकूम निघाला तर तो घर विकूनही फेडू शकत नाही, म्हणजे मजुराच्या बायकोलाही काही मिळत नाही आणि दुसरं एक कुटुंब उठतं.

आणि मोठ्या माणसाने स्वतःचं काहीच बघू नये का? मुकादम पैसे देऊन काळी-पिवळी बोलावतो म्हणाला तरी टोळीतले काही जण म्हणतात, तेच पैसे आमच्या हातात द्या, आम्ही मालावर बसून जातो. हे होतं. चालक प्यायलेला दिसत असताना चढणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही, हे मला पटत नाही. सगळं ओझं दुसऱ्यावर टाकलं तर माणूस सावध कशाला राहील?

गिरणाकाठ

दादा, तुमचा चालकाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. चालक प्यायलेला आहे हे माहीत असून बसलेल्याची भरपाई कोर्ट कापू शकतं, आणि ते योग्य आहे. तिथे माणसाने धोका बघून, पर्याय असताना निवड केलेली असते.

पण मालावर बसण्याची निवड तशी असते का, ते जरा जवळून बघा. चोपडा, यावल, शहादा, धडगाव भागातली पावरा, भिल्ल, तडवी टोळी पहाटे घरून निघते, तीस-चाळीस किलोमीटरवर तोडणी करते. तोडणी संपते तेव्हा रात्रीचे आठ-नऊ वाजलेले असतात. शेवटची एसटी गेलेली. शेत रस्त्यापासून आत. मजुरी मुकादमाकडे अडकलेली, ती घरी पोचल्यावर मिळणार. अशा वेळी समोर एकच गाडी उभी आहे आणि ती मालाने भरलेली आहे. या बाईला "तू वर का चढलीस" विचारण्याआधी, दुसरी गाडी न ठरवणाऱ्याला विचारायला हवं. गाडी कोणती येणार हे ज्याच्या हातात, जागेची जबाबदारी त्याची. तुम्ही म्हणता तसे पैसे हातात मागणारेही असतात. तिथे मुकादमाने पैसे न देता गाडीच बोलवायची, एवढंच. सुरक्षेचे पैसे मजुरीत मिसळले की ते चुलीतच जाणार. दर क्विंटलचा असतो आणि परतीचं भाडं त्याच दरातून वाचवायचं असतं, खरी मेख ही आहे.

शेतमालकाबद्दल तुमची भीती काही अंशी खरी आहे, पण कायदा इतका आंधळा नाही. मोटार अपघात दाव्यात जबाबदार धरले जातात चालक, गाडीमालक आणि विमा कंपनी. शेतमालकाचं नाव नुसतं सातबाऱ्यावरून टिकत नाही. कामगार भरपाईच्या दाव्यात मात्र ज्याच्या धंद्याचं काम ठेकेदारामार्फत करून घेतलं त्याच्यावर जबाबदारी येऊ शकते. ती मुकादमावर आणि माल विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यावर जास्त येते, कारण तोडून भरून नेणं हा त्याचा नित्याचा धंदा आहे.

हा दुसरा रस्ता कोणी सांगत नाही म्हणून आकड्यांनी सांगते. २८ वर्षांचा मजूर, महिना १०,००० रुपये कमाई, घरी बायको, दोन मुलं, आई.

मोटार अपघात न्यायाधिकरणात: कमाईत पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, १४,०००. वर्षाचे १,६८,०००. अवलंबून असणारे चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च पाव हिस्सा वजा, उरले १,२६,०००. वयाप्रमाणे जितक्या पटीने ही रक्कम गुणतात तो गुणक या वयाला १७, म्हणजे २१,४२,०००. त्यावर प्रत्येक वारसाला सहवास गमावल्याचे ४०,०००, शिवाय अंत्यविधी आणि मालमत्तेच्या नुकसानीचे प्रत्येकी १५,०००. या तीन रकमा २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढतात.

कामगार भरपाईत: कमाईचे निम्मे ५,०००, गुणिले वयाचा घटक २११.७९, म्हणजे १०,५८,९५०.

दुसरी रक्कम निम्मी आहे. पण तिथे चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही आणि मजूर वर का बसला म्हणून टक्केही कापत नाहीत. कामातून आणि कामाच्या ओघात मृत्यू झाला एवढं पुरतं. यांत्रिक वाहनात माल चढवणे-उतरवणे हे काम कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात अगदी पहिल्याच नोंदीत आहे. नुसती शेतमजुरी मात्र तिथे सरसकट बसत नाही, म्हणून "गाडी भरत होते" हे शब्द पुन्हा महत्त्वाचे ठरतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, त्याआधीचे अपघात जुन्या कायद्याखाली. घरी परतताना झालेला अपघात कामाच्या ओघातला धरायचा की नाही यावर पूर्वी बरीच वादावादी व्हायची. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी आपल्याच राज्यातल्या साखर कारखान्याच्या एका वॉचमनच्या प्रकरणात, कामाशी धागा जुळत असेल तर तो धरायचा, असं सांगितलं. संहितेत तर ते थेट लिहिलेलं आहे.

दोन्हीकडे दावा करता येत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ प्रमाणे एकच निवडायचा. माझं मत विचाराल तर गाडीचा विमा चालू आणि पंचनामा नीट असेल तर न्यायाधिकरण. विमा नाही, मालक कफल्लक, पण व्यापारी धडधाकट, असं असेल तर कामगार भरपाई.

सातपुडा_पायथा

ताई, दादा, मनापासून आभार. अजून दोन अडचणी नेहमी येतात. अंत्यविधीच्या दिवशीच मुकादम किंवा गाडीवाला घरी पन्नास हजार, लाख आणून देतो आणि शंभराच्या स्टॅम्पवर "आमची काही तक्रार नाही" असा अंगठा घेतो. मग दावा संपला का? आणि गाडी कागदावर एकाच्या नावावर, चालवतो दुसराच, असं निघतं. तेव्हा मालक कोण धरायचा?

मोटार_दावे

भाऊ, स्टॅम्पने दावा संपत नाही. कामगार भरपाईच्या कायद्यात तर स्पष्ट आहे, की मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते. परस्पर वारसांच्या हातात दिलेली रक्कम भरपाई दिली असं धरत नाहीत, फक्त तीन महिन्यांच्या मजुरीइतकी उचल वळती होऊ शकते. हक्क सोडण्याचा करार रद्दबातल असतो. न्यायाधिकरणातही मुलांच्या वतीने अशा अंगठ्याला किंमत नाही. पैसे घेतले असतील तर लपवू नका, दाव्यात सांगून टाका. लपवलेलं उलटतपासणीत निघतं आणि मग खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. एकच जपा: फौजदारी खटल्यात जबाब फिरवायच्या अटीवर पैसे घेऊ नका. चालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असतो. तो सुटला म्हणून दावा आपोआप पडत नाही, पण साक्षीदार फिरले की पंचनाम्याचं वजन कमी होतं.

गाडीमालकाबाबत: आरसी बुकवर ज्याचं नाव तो मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात सांगितलेलं आहे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी विकली, पैसेही घेतले, पण आरटीओत नाव चढवलं नाही, तर विकणारा अडकतो. आपल्याकडे एका पिकअपच्या कोऱ्या सह्यांचे फॉर्म तीन-तीन हातांतून फिरतात. यावलच्या दादांनी हे विशेष लक्षात घ्यावं. जुनी गाडी विकली असेल तर आजच ऑनलाइन बघा, नाव बदललं आहे का.

बागायतदार_यावल

बघतो. ताईंचा क्विंटलच्या दराचा मुद्दा मला पटला, तो आधी ध्यानात आला नव्हता. मग पुढच्या कापणीआधी शेतकऱ्याने व्यापाऱ्याशी काय ठरवून घ्यावं, तेही सांगा. नुसतं "काळजी घ्या" नको.

गिरणाकाठ

दादा, पावतीच्या मागे हाताने लिहिलं तरी चालेल, पण लिहूनच घ्या. टोळीच्या जाण्या-येण्याचं भाडं क्विंटलच्या दरातून वेगळं काढून गाडीच्या फेरीवर धरायचं. दहा जणांना एक काळी-पिवळी किंवा छोटी प्रवासी गाडी, तिच्या आरसीवर लिहिली असतील तेवढीच माणसं. मालाची गाडी बांधावर येते तेव्हा तिच्या विमा पॉलिसीचा फोटो मागायचा. त्यात तीन गोष्टी बघायच्या: तारीख संपली नाही ना, गाडी मालवाहू म्हणूनच नोंदवलेली आहे ना, आणि चढ-उतार करणाऱ्या कामगारांसाठी जादा हप्ता भरलेला दिसतो का. ट्रॉली असेल तर ट्रॅक्टरचा विमा पुरत नाही, ट्रॉलीची नोंद आणि विमा वेगळा बघायचा. आणि कापणी सूर्यास्तापर्यंत थांबवायची, किमान टोळीला तेव्हा सोडायचं. सकाळी सहाला सुरू केलं तर हे जमतं. वाफे दोन भागांत तोडायचे, घाई व्यापाऱ्याची असते, फळाची नसते.

मजुरांसाठी एक: प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण आहे. दर वर्षी मे अखेरीस हप्ता खात्यातून कापला जातो, म्हणून तेव्हा खात्यात शिल्लक हवी. जनधन खाती बऱ्याच जणांची आहेत, पण शिल्लक शून्य असल्याने हप्ता कापलाच जात नाही. मुकादमाने मे महिन्यात टोळीतल्या प्रत्येकाच्या खात्यात पन्नास रुपये टाकले तरी काम होतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेवर यांनी विसंबू नये. ती सातबाऱ्यावरच्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला आहे, भूमिहीन मजुराला नाही.

चेसिस

जखमींचं राहिलं. ५ मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखांचे उपचार कॅशलेस मिळण्याची योजना लागू आहे, कोणत्याही रस्त्यावरचा अपघात चालतो. गाडीचा विमा आहे की नाही, जखमी कुठे बसला होता, हे तिथे आड येत नाही. ११२ ला फोन केला तर पोलिसांत वेळेची नोंद होते, म्हणून जखमींना न्यायला दुसरी गाडी बोलावली तरी तो फोन कराच.

मोटार_दावे

आणि पाड्यावर सांगायची शेवटची बाब कागदांची. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. त्यात वारसांची नावं, वयं बरोबर पडली आहेत का हे ठाण्यात जाऊन बघा. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला काढा. आधारवरची जन्मतारीख वयाचा पुरावा म्हणून पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं आहे. पाड्यांवर अर्ध्या लोकांच्या आधारवर १ जानेवारी असते. वय ३० ऐवजी ३१ धरलं गेलं तर गुणक १७ चा १६ होतो, वरच्या हिशेबात तेवढ्याने सव्वा लाखाचा फरक पडतो. शवविच्छेदन अहवाल, मरणोत्तर पंचनामा, आरसी, लायसन्स, पॉलिसी यांच्या प्रती ठाण्यातून मिळतात.

वकिलाची फी नाही म्हणून कोणी मागे राहू नये. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयांत त्यांचं कार्यालय आहे. जाताना फिर्यादीची प्रत आणि जातीचा दाखला बरोबर न्या, दाखला नसला तरी विधवा बाईचा अर्ज स्त्री म्हणून तिथल्या तिथे घेतात. लोकअदालतीत तडजोड सुचवली तर वरचा हिशेब कागदावर मांडून बसा, कारण तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नसतं.